लाल रस्ता, हिरवा रस्ता

“ताई, गाडी उचला,” अतुल म्हणाला. “तुमच्यामुळे रस्ता फुटणार आहे.”

अकबरीच्या हातातलं कणीस निखाऱ्यावर तसंच राहिलं. गाडीच्या दांड्याला बांधलेल्या झोळीत तिची अम्मारा मूठ चोखत झोपली होती. अकबरीने आधी झोळीवरचं प्लास्टिक नीट केलं, मग रस्त्याकडे बघितलं. रस्ता होता तिथेच होता.

भुशी धरणाकडे जाणाऱ्या या जुन्या डांबरावर मध्यंतरी काँक्रीटचा थर चढवला होता. अशा थराला ठरावीक अंतरावर आडवे जॉइंट असतात. त्यांत पाणी शिरलं की कडा झडतात आणि गाड्या आदळायला लागतात. कुठला जॉइंट जाणार हे आधीच कळावं म्हणून बांधकाम खात्याने पुण्याहून अतुलला आणलं होतं. त्याच्या टॅबमध्ये न्यूरल नेटवर्क होतं. म्हणजे काय, तर बाळ जसं बघून बघून शिकतं, तसा कॉम्प्युटर फोटो बघून बघून शिकला होता. जाणारे जॉइंट तो नकाशावर लाल दाखवायचा, टिकणारे हिरवे. लाल दिसलं की दुरुस्तीवाले धावायचे.

आणि या कॉम्प्युटरने शोध लावला होता, की कणसाच्या गाडीजवळचा जॉइंट हमखास जातो.

कारण मात्र अतुलने स्वतः शोधलं होतं. “लिंबू-मीठ, ताई. काँक्रीट खातं ते.”

“काँक्रीटला मी कशाला चोळू, साहेब? गिऱ्हाइकाला पुरत नाही.”

फुटक्या जॉइंटचे फोटो गेल्या पावसाळ्यात अतुलनेच काढले होते. जिथे गरम काही मिळेल तिथे तो जीप थांबवायचा आणि कणीस भाजून होईतो वाकून दोन-चार फोटो घ्यायचा. फुटके जॉइंट सगळीकडे होते, फोटो तेवढे कणसाच्या गाड्यांजवळचे होते. चांगल्या जॉइंटचे फोटो ठेकेदाराने पुरवले होते. ते उद्घाटनाच्या आदल्या दिवशीचे. त्यांत कणसाची गाडी सोडाच, कुत्रंसुद्धा नव्हतं. आपण जे दाखवू तेच बाळ शिकतं. पण अतुलला अजून मूलबाळ नव्हतं.

शेजारी रानभाजीची टोपली घेऊन हिरी बसली होती. आंदर मावळातल्या एका वाडीवरून ती रोज यायची.

“सायेब, आमच्या वाडीचा रस्ता दिसतुया का त्यात? त्योबी काँक्रीटचाच हाय.”

अतुलने बोट फिरवलं. “हा बघा मावशी. सगळा हिरवा. कणसाची गाडीच नाही तिथे, एकही जॉइंट जाणार नाही.”

“जायाचा ऱ्हायलाय कुटं? सुनेला बाळंतपणाला न्हेत हुतो, तर जीप आडकली. पोरगी तितंच झाली, रस्त्यात.”

“फोटो आहे?”

“पोरीचा?”

“जॉइंटचा हो!”

“त्यो काडाया कोण येतंय तितं? खायाला काय मिळत न्हाई.”

अतुलने हे ऐकलं नाही. तो अकबरीकडे वळला. “संध्याकाळपर्यंत हलवा. दुरुस्ती करत बसण्यापेक्षा कारणच हटवा, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं आहे.”

“साहेब, पावसाचे दोन महिने धंदा. त्यावर हिचं वर्षभराचं दूध चालतं. मी जाऊ कुठे?”

“कुठेही जा. फक्त नवी जागा सांगा, यात भरावी लागेल. तुम्ही जाल तिथले जॉइंट जाणार. म्हणजे दुरुस्तीची माणसं आम्हाला आधीच तिथे पाठवायला हवीत.”

अकबरीकडे सांगायला जागा नव्हती. तिने निखाऱ्यांवर पाणी शिंपडलं. चर्र आवाजाने अम्मारा जागी झाली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. हिरीने तिला झोळीतून उचललं, खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं. थोपटता थोपटता तिचा हात थांबला.

“लिवा सायेब. आमची वाडी.”

“मावशी, अहो, तिथे...” अकबरी म्हणाली.

“तू गप गं. फिरती गाडी लिवा सायेब. खालच्या फाट्यापासनं वरच्या देवळापतुर.”

अतुलने भरलं. नकाशावरचा हिरवा रस्ता फाट्यापासून देवळापर्यंत लालभडक झाला.

“बापरे! सगळाच जाणार!” त्याने घाईघाईने फोन काढला. “उद्याच्या उद्या माणसं पाठवा,” असं ओरडतच तो जीपकडे पळाला.

अकबरी त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मावशी, तिथे गिऱ्हाईक कोण?”

“रस्ता हुईस्तवर घरटी रोज दोन कणसं आमी घिऊ.”

“आणि रस्ता झाल्यावर?”

हिरीने गप्प झालेल्या अम्माराला तिच्या हातात दिलं. “मग तुला न्ह्याया पल्याडची वाडी भांडत यील. सायेबाच्या त्या डब्यात आंदर मावळातलं हिरवं रस्तं लय हाईत, पोरी.”