चहावरची साय

"जास्वंद केसात माळतात बाई, मोटरीत नाही!" टर्नर धामणकरांनी नव्या इंजिनिअर रेवती खोतचा रोटर, मोटरीच्या आत फिरणारा भाग, टेबलावर आदळला. चाळीस वर्षांत त्यांच्या लेथवरून केसभरही वाकडं काही उतरलं नव्हतं, आणि हिनं गोल रोटरला चक्क आठ पाकळ्यांचे फुगवटे काढले होते!

"काका, तुमच्या गोल रोटरमधली चुंबकं जागोजागी अडखळतात, म्हणून मोटर थरथरते. पाकळीमुळं ती अलगद सरकतात. वीजही कमी लागते."

पैज लागली. रेवतीचा रोटर बसवलेल्या चालत्या मोटरीवर काठोकाठ चहा ठेवायचा. सांडला तर रेवतीनं कारखाना सोडायचा, नाही तर धामणकरांनी लेथ.

सकाळी मोटर सुरू होताच कप असा नाचला, की छताच्या पंख्यापर्यंत चहा उडाला. धामणकर मिशीत हसले.

"उघडा," रेवती म्हणाली.

आतून चकचकीत गोल रोटर निघाला. त्यावर ठसठशीत 'धा'.  रात्री रोटर चोरून बदलताना धामणकरांच्या हातानं सवयीनं आपला ठसाही मारला होता!

पाकळ्यांचा रोटर बसला. मोटर भर वेगात फिरली, आणि चहा इतका निश्चल राहिला, की त्यावर जाड साय धरली. सायीवर माशी बसली, तिला डुलकीसुद्धा लागली.

"घ्या काका, निवलाय." रेवतीनं माशी हाकलून कप पुढं केला.

धामणकरांना सायीची शिसारी यायची. सगळा कारखाना बघत होता. लेथची चावी टेबलावर ठेवून त्यांनी तो चहा सायीसकट संपवला.