गाळपेरीवरचे कुरव

तो माणूस पाण्याच्या काठाला पोटावर पडून होता आणि त्याच्या कॅमेऱ्याचं तोंड सरळ त्यांच्या हरभऱ्याकडे होतं.

‘‘कुमुद वं, पाह्य त्याले,’’ हरभरा खुडता खुडता धुरपदाबाई सुनेला म्हणाल्या. ‘‘साहेबाचाच मानूस असंन. तू शिकेल हाये, तूच जाय नि पुस.’’

धरणाचं पाणी उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते. यंदा तिथे पेरायची परवानगी धरणाच्या साहेबांनी कुणालाच दिली नव्हती. पण ही जमीन मुळात कुमुदच्या सासऱ्यांचीच. बुडायच्या आधी इथेच त्यांचं खळं होतं. नवऱ्याने न विचारता पेरून टाकलं. मागच्या साली शेजारच्या वनाभाऊंच्या उभ्या पिकावर ट्रॅक्टर फिरला होता. आधी म्हणे कुणीतरी येऊन फोटो काढून नेले होते.

कुमुदने लेकीला कडेवर घेतलं आणि चिखलातून वळसा घालून ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

‘‘काय चाललंय?’’

‘‘हळू बोला ताई, उडतील. पक्ष्यांचे फोटो काढतोय. अमळनेरला कॉलेजात शिकवतो मी. कुरव आहेत ते. समुद्रावरचे.’’

समोर चिखलात पांढऱ्या पक्ष्यांची रांग बसली होती. कुमुद बी. ए. झालेली, तेही भूगोल घेऊन. खोटं बोलायचं तर माणसाने निदान नकाशा तरी बघून यावं.

‘‘समुद्र कुठे आला इथे?’’

‘‘हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. मोठं पाणी दिसलं की उतरतात. आता हे तपकिरी डोक्याचे की काळ्या डोक्याचे, तेवढं ठरवायचंय.’’

‘‘डोकी तर पांढरी आहेत.’’

‘‘थंडीत दोघांचीही पांढरीच होतात.’’

असं का. तिने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. ‘‘मग ओळखता कसे?’’

‘‘पंख उघडल्यावर. टोकाच्या काळ्या रंगात पांढरा ठिपका दिसला, की तपकिरी डोक्याचा. पहाटेपासून पडलोय, एक पठ्ठ्या पंख उघडत नाही. अजून एकही फोटो काढलेला नाही. बघा ना तुम्ही.’’

तिने वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला. पक्षी एकदम हाताशी आला. लालसर चोच, डोळ्यामागे शाईचा डाग पडावा तसा ठिपका. हा माणूस खरंच पक्षी बघतोय. तिच्या जिवाला जरा बरं वाटलं. मग पक्ष्याच्या मागचं दिसलं. थोडं पुसट, पण कळण्यासारखं. हिरवागार हरभरा, नवऱ्याचा चौकडीचा सदरा घातलेलं बुजगावणं, सासूबाईंची वाकलेली पाठ.

‘‘मागचं सगळं येतं फोटोत?’’

‘‘येतं की. हिरवं छान उठून दिसेल. मोठा करून द्यायचाय. धरणाच्या साहेबांनीच मागितलाय, ऑफिसात लावायला.’’

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे तिला कळत होतं. तेच वाईट होतं. कपटी माणसाच्या पाया तरी पडता येतं.

लेकीला घट्ट धरून ती तशीच पुढे निघाली, सरळ पक्ष्यांच्या दिशेने. ‘‘ताई, अहो ताई,’’ तो मागून दबक्या आवाजात म्हणत होता. तिने मोकळ्या हाताने मांडीवर थापा मारल्या आणि राखणीला बसलेली बाई ओरडते तशी ओरडली, ‘‘हाऽऽ, हाऽऽड!’’

सगळी रांग एकदम उठली. डोक्यावर पंखच पंख उघडले. काळ्या टोकांत पांढरे ठिपके.

मागे कॅमेरा वाजत होता. कट्, कट्, कट्. रोल संपेपर्यंत.

तो चिखलाने भरलेला, हसत पळत आला. ‘‘ताई, काम केलंत माझं. तपकिरी डोक्याचेच. आणि तुम्हीही आलात बरं का फोटोत, बाळासकट.’’ त्याने खिशातून पेन काढलं. ‘‘नाव सांगा. गावाचंही सांगा. फोटोखाली लिहून देतो.’’

मागे हरभऱ्यात धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या, बरोबर जुन्या खळ्याच्या जागेवर.

कुमुदने लेकीच्या तोंडावर पदर ओढला.

‘‘आम्ही इथले नाही,’’ ती म्हणाली.