करपलेलं दूध

काचेच्या पेटीत बाळ तापाने फणफणलं होतं. हृदयाला सूज होती आणि रक्तात जंतू सापडत नव्हते. “गरोदरपणात कोरोना झाला होता?” डॉक्टरांनी विचारलं. “छे, साधी शिंकही आली नाही,” सून म्हणाली. सासूबाईंना मात्र काळाठिक्कर पडलेला टोप आठवला. सुनेच्या सातव्या महिन्यात दूध करपून घरभर वास सुटलेला आणि ही गॅसकडे पाठ करून निवांत शेंगा सोलत बसलेली. हिचा वेंधळेपणा म्हणून त्यांनी तो किस्सा चार घरी रंगवून सांगितला होता. “डॉक्टर, सातव्या महिन्यात घरात दूध करपलं, तेव्हा हिला वासच आला नव्हता,” त्या हळूच म्हणाल्या. तपासणीत बाळाच्या रक्तात आईकडून आलेल्या कोरोनाच्याच खुणा निघाल्या, औषध बदललं. “म्हणजे माझ्यामुळे?” सुनेने विचारलं. “तू आजारी होतीस गं. मी नुसतीच हसले.” सूज उतरल्यावर बाळ मांडीवर आलं. सून टाळूला नाक लावून बसली. “वास येतोय?” सासूबाईंनी विचारलं. “दुधाचा.”