वायरवाला की बॅटरीवाला

दुकानदार अभिमनभाऊंनी काउंटरवर दोन मल्टीटूल शेजारी शेजारी ठेवले. एक वायरवाला, एक बॅटरीवाला. काम दोघांचं एकच. पुढचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, आणि दाराची खालची कड किंवा चौकटीचा पाय अगदी फरशीलगत कापून काढतं. घरात नवी फरशी बसली की जुनी दारं अडकतात. ती मोकळी करायचं काम हिलालचं. त्याचं जुनं मशीन कालच जळालं होतं, आणि देवपूरच्या एका घरातली अकरा दारं आखाजीच्या आत, म्हणजे सणाला लेकी माहेरी यायच्या आत, उघडायला हवी होती.

हिलाल बॅटरीवाल्याकडे बघत होता. त्याची बायको रूपा वायरवाल्याकडे.

सोळा वर्षं वायर तिनंच धरली होती. हिलाल गुडघ्यांवर बसून, मान खाली घालून कापायचा, कानात कापसाचे बोळे. हाक मारून उपयोग नसायचा. मग रूपा मागून वायर ओढायची. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चालू द्या. खिळा दिसला, वाळवी दिसली, कुणाचं पोर रांगत जवळ आलं, की एक हिसका. हे दोघांनी बसून ठरवलेलं नव्हतं, आपोआप होत गेलं होतं. रोज सकाळी सोनगीरहून मोटरसायकलवर दोघं निघायची. धुळ्यातली निदान दोनशे घरं तिनं आतून पाहिली होती. कुणाचं देवघर केवढं, कुणाच्या दाराला आतून किती कड्या, सगळं तिला माहीत. चार जावांमध्ये एवढं जग पाहिलेली ती एकटीच, आणि हे ती जावांना विसरू द्यायची नाही.

"आते वहिनीले सुट्टी द्या, हिलालभाऊ," अभिमनभाऊ म्हणाले. "वायर नही, ते वायर धरनारी बी नही."

"तिन्हासाठेच ली ऱ्हायनू," हिलाल म्हणाला. आवाजात कौतुक होतं, तिचंही आणि स्वतःचंही. सोळा वर्षं तिनं धूळ खाल्ली, आता हे मशीन घेतलं की ती घरी सुखानं बसेल, असं तो पुढे बराच वेळ सांगत राहिला. तिला विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

वायर गेली की आपणही गेलो, हे रूपाला दुकानात शिरतानाच कळलं होतं. उद्या मोटरसायकल निघेल, आणि ती ओट्यावर उभी राहून बघेल.

अभिमनभाऊंनी जुन्या चौकटीचा एक तुकडा पुढे सरकवला आणि दोन्ही चालवून बघायला सांगितलं. हिलालनं आधी वायरवाला घेतला. रूपाचा हात न सांगता पुढे गेला, वायर उचलून तिनं खांद्यावर टाकली. काप सरळ आला.

मग बॅटरीवाला. बॅटरीमुळे तो मागून जड होता, हिलालचं मनगट जरा खाली गेलं. रूपा त्याच्या मागे मोकळ्या हातांनी उभी होती. रंगाच्या थराखाली खिळ्याचं डोकं तिला दिसलं. तिचा हात झटकन पुढे गेला, मूठ वळली, जोरात मागे ओढली गेली.

मुठीत काहीच नव्हतं.

ठिणगी उडाली. पात्याचे चार दात गेले.

अभिमनभाऊ म्हणाले, होतं असं, पातं बदलून देतो. हिलालनं मशीन खाली ठेवलं आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. का घातला, ते दुकानात फक्त रूपाला ठाऊक होतं. मशीन धरून धरून या वर्षी संध्याकाळ झाली की त्याची बोटं बधिर व्हायची, शर्टाची बटणं तीच काढून द्यायची. तो आता तिच्या मुठीकडे बघत होता. मूठ अजून वळलेलीच होती.

"वायरवालाच द्या, भाऊ," डाव्या हातानं बॅटरीवाला बाजूला सारत तो हळूच म्हणाला. "हाऊ मना कामना नही."

बायकोचा एवढा धाक असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं, असं काहीतरी बोलून अभिमनभाऊ हसले आणि खोकं उघडायला लागले. रूपाला हायसं वाटलं. तिची जागा तिला परत मिळाली होती. तीच जागा, मागची.

खोकं अर्धं उघडलं होतं. तिनं हात पुढे केला आणि बॅटरीवाला उचलला. जड होता, पण भरलेल्या कळशीएवढा नव्हता. नवं पातं लावून द्या म्हणाली. अभिमनभाऊंनी लावून दिलं, वर सांगितलंही, वहिनी, जपून, हे लाटणं नाही. तिनं बटण दाबलं. पहिला काप वाकडा गेला. कोण हसतंय ते बघायला तिनं मान वर केली नाही. दुसरा काप खिळ्याच्या बोटभर अलीकडून सरळ खाली उतरला आणि लाकडाचा तुकडा काउंटरवर पडला.

"हाऊच द्या, भाऊ," रूपा म्हणाली. मग हिलालकडे वळली. "वायर लिधी ते मी मांगेच उभी ऱ्हासू. आते कापसू मी."

हिलालनं त्या तुकड्याची कड अंगठ्यानं चाचपली. पुन्हा चाचपली. खोट काढायला काही सापडलं नाही. तो तिच्या उजवीकडे गेला, तिथून डावीकडे आला, आणि काउंटरच्या कोपऱ्याशी अवघडून थांबला.

"मंग मी कोठे उभा ऱ्हाऊ?" त्यानं विचारलं.