पल्स चौपन्न

परदेशातल्या ट्रुगानिना उपनगराच्या पार्कात विलासकाकांनी मनगटावरचं घड्याळ चारचौघांपुढे नाचवलं. "पल्स चौपन्न! वयाच्या सत्तरीत! नुसत्या प्राणायामावर!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून काकांचे गुरुजी झाले, आणि मुलांकडे राहायला आलेले सात आजी-आजोबा त्यांच्यापुढे चटया टाकून बसू लागले. आठवड्याभरात घड्याळंही दाखवू लागले. "गुरुजी, माझी पंचावन्न!" "माझी सत्तावन्न!"

गुरुजी स्वतःच चक्रावले. कारण त्यांची नाडी प्राणायामाने नव्हे, बीपीसाठीच्या बीटा ब्लॉकर गोळीने उतरली होती. आणि आता पाकिटात शेवटची गोळी उरली होती. "ही मध्येच एकदम बंद करायची नाही हं, काका," असं त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर सुखदाने बजावलेलं. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून काका टोपी डोळ्यांवर ओढून थेट दोन सबर्ब पलीकडच्या केमिस्टकडे गेले.

तिथे रांगेत, टोप्या-गॉगल घालून, त्याच गोळीची रिकामी पाकिटं हातात धरून त्यांचा अख्खा क्लास उभा होता.


पार्कात एकदाही न जमलेला दीर्घ श्वास त्या दिवशी आठही जणांनी अगदी एकाच वेळी घेतला.