विरघळलेलं

"साखर चहात टाकली की जाते कुठे?" मेलेआनेने चिठ्ठी वाचली आणि अख्खा वर्ग हसला.

"बाई, हे तर पाचवीतलं! लेसिएलीचीच असणार," मागून कुणीतरी म्हणालं.

लेसिएलीने मान वर केली नाही.

बेटावर मोठ्यांना तोंडावर प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा. म्हणून रसायनशास्त्राच्या तासाला मेलेआनेने बिस्किटांचा रिकामा डबा दाराशी ठेवला होता. नाव न घालता चिठ्ठी टाकायची. शुक्रवारी ती वाचून दाखवायची, मागे उत्तर लिहायचं आणि भिंतीला टाचायची. दर शनिवारी सकाळी काही पालक शाळा झाडून जात. सोमवारी बाकीच्या चिठ्ठ्या तिथेच असत, फक्त या जाड पेन्सिलीच्या अक्षरातली नसे. लाजरी पोर गुपचूप घेऊन जात असेल, मेलेआनेला वाटायचं.

"कुठेच जात नाही," ती वर्गाला म्हणाली. "दिसत नाही, एवढंच. विरघळलेलं हरवत नाही."

पुढच्या शुक्रवारी तेच अक्षर. 'मग परत कसं मिळवायचं?'

"पाणी उकळत ठेवायचं. पाण्याची वाफ होऊन जाते, विरघळलेलं तळाशी राहतं."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी, 'भांडं खूप मोठं असेल तर?'

"केवढं, चर्चएवढं?" मागून कुणीतरी. पुन्हा हशा.

"असू दे कितीही मोठं. एकेका चमच्यात अगदी थोडं येईल. पण येईलच."

पोर विचार करतेय, याचं मेलेआनेला बरं वाटलं. फेब्रुवारीत लेसिएलीच्या भावाची, सेमीसीची, होडी खडकांपलीकडे उलटली. फळ्या किनाऱ्याला लागल्या. तो लागला नाही. तेव्हापासून ही मुलगी बोलायचीच थांबली होती. राजधानीच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली आणि वही कोरी. वर्गात पेंगायची. केसांना धुराचा वास, तळहातांवर फोड.

"घरी एवढं काय काम असतं गं?"

"पाणी आणते, बाई. लाकडं आणते."

"एवढं पाणी कशाला?"

"आईला लागतं."

हिच्या आईशीच बोलायला हवं. परीक्षा हुकली तर ही पोर आयुष्यभर पाणीच भरेल.

शनिवारी मेलेआने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला, फुसीला, कडेवर घेऊन निघाली. फुसी दिसेल ते तोंडात घालायची. वाटेत एकदा खडा निघाला, एकदा शिंपला. "थुंक. आधी थुंक!" समुद्राच्या बाजूला तर तिने पोरीला क्षणभरही खाली सोडलं नाही.

घरामागे भर दुपारी नारळाच्या सोडणांचा जाळ पेटला होता. त्यावर तीन मोठी पातेली. लेसिएलीची आई, फिफिता, काळ्या कपड्यांत, कमरेला रीतीप्रमाणे सुतकाची जुनी चटई गुंडाळून, पळी घेऊन उभी होती.

"या, बाई. बसा. काही खाल?"

"नको. लेसिएलीबद्दल बोलायचं होतं. हुशार आहे हो ती. तिचे ते प्रश्न—"

"तिचे नाहीत ते." फिफिता ओशाळली. "माझे. झाडायला येते तेव्हा टाकते डब्यात. मी शिकलेली नाही ना, पोरांसमोर कसं विचारणार? तुमची सगळी उत्तरं जपून ठेवलीत."

मेलेआनेने नजर वळवली, तर कुंपणाशी नवं थडगं. भोवती काळे गोटे, वर पांढरीशुभ्र रास. बेटावर सगळ्यांच्या थडग्यांवर पोवळ्यांची वाळू असते, तशी. फक्त जरा जास्तच चकाकणारी.

"सेमीसी सापडला?" तिचा आवाज खाली आला. "मला कळलंच नाही."

"सापडतोय," पातेल्याचा तळ खरवडत फिफिता म्हणाली. "थोडा थोडा."

तेवढ्यात फुसी कडेवरून घसरली. थडग्यापाशी बसून तिने मूठ भरून तोंडात घातली.

"थुंक!" मेलेआने धावली.

फुसीने तोंड वाकडं केलं.

"आई, खारट."