शेजारधर्म

“आधी तिचं सामान बाहेर काढू, मग काय बोलायचं ते बोलू,” समाधान म्हणाला.

“खोली माझी, भाडेकरू माझी. मी बोलेन,” कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खालच्या पट्टीतला होता, पण उठलेला दीर परत खाली बसला.

ओट्यावर तोतारामनाना येऊन बसले होते. भांडण असो की सोयरीक, दोंडाईच्यातल्या त्या गल्लीचं पान नानांशिवाय हलत नसे. दिपमाला ड्यूटीवरून यायची होती.

दिपमाला गावित नवापूरकडची, ख्रिस्ती घरातली. स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात सिस्टर. मागच्या खोलीत एकटी राहायची. कोकिळाबाईंचे यजमान प्रेमराज अंथरुणाला खिळले, तेव्हापासून त्यांचं संध्याकाळचं इंजेक्शन तीच देत असे. त्या वेळी कोकिळाबाई आत देवापुढे. दिवा, जप, पोथी. आजारपणातही त्यांनी एक नेम मोडला नव्हता. म्हणजे आजाऱ्याजवळ रोज ती पोर एकटीच. प्रेमराजांचं तेरावं झाल्यावर समाधानला त्या एकटेपणाचा अर्थ लागला होता.

ठिणगी पडली ती रविवारी. तेराव्यानंतर कोकिळाबाई पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या. ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना एका पत्र्याच्या शेडमध्ये भरते. तिथून ओळखीचा आवाज आला म्हणून त्या थबकल्या. दिपमाला उभी राहून बोलत होती. मरणाला भिऊ नका, म्हणत होती. प्रभू येशू त्या दारातून आधीच जाऊन आलाय, त्याचा हात धरला की माणूस एकटा जात नाही. आणि मग, “वेळ थोडा आहे. शेजाऱ्याला सांगा. आजच सांगा. उद्या तो असेलच असं नाही.”

कोकिळाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. समाधानला बोलावलं आणि ऐकलं ते शब्दन् शब्द सांगितलं. त्या दिवशी उपास सोडलाच नाही.

“शेजारी म्हणजे कोण?” समाधान आता नानांना सांगत होता. “दादाच ना? वहिनी तिला बोलावून बोलावून व्रताची कहाणी ऐकवायची. तिनं तिची दादाला ऐकवली. फिटंफाट.”

ते खरं होतं. कहाणी एकटीनं वाचून भागत नाही, ऐकणारं कुणीतरी समोर लागतं. लेक नाही, सून नाही, अशा घरात दिपमालाच मुठीत तांदळाचे दाणे धरून बसायची. कहाणी संपली की दाणे कोकिळाबाईंच्या ओंजळीत द्यायची. कधी कां कूं केलं नाही.

“पन प्रेमराज असा कच्चा नव्हता रे,” नाना म्हणाले.

“शेवटी झाला होता, नाना. भ्यायचा.”

कोकिळाबाईंनी मान फिरवली. कापसाच्या जिनिंगमध्ये व्यापाऱ्यांना दम भरणारा माणूस, पण शेवटी शेवटी येईल त्याला एकच विचारायचा, “मेल्यावर तिथं कोण असतं?” कोकिळाबाई म्हणाल्या, देव असतो. “असेल. पण माझी कुठं ओळख आहे त्याच्याशी?” गुरुजींना विचारलं, त्यांनी प्रसाद हातावर ठेवला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली. गेले तेव्हा कोकिळाबाईंचं मनगट त्यांच्या मुठीत होतं. बोटं एकेक करून सोडवावी लागली होती.

फाटक वाजलं. दिपमाला आली, तिघांना पाहून पायरीवरच थांबली.

“बस बेटा,” नाना म्हणाले. “खरं सांग. तू प्रेमराजले तुना देवनं काही सांगं का?”

“हातात सुई आणि तोंडात बायबल,” समाधान म्हणाला. “पडून राहिलेला माणूस जाणार कुठं?”

दिपमालाचा चेहरा उतरला. एक तक्रार झाली की खोलीच काय, नोकरीही जाईल, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

“नाही नाना. एक शब्दही नाही.”

“घे शपथ.”

“आमच्यात शपथ घेत नाहीत, भाऊ. नाही म्हणजे नाही.”

कोकिळाबाई पुढे सरकल्या. “त्यांनी तुला काही विचारलं होतं?” त्यांनी विचारलं.

दिपमालाने खाली पाहिलं. “विचारायचे, काकू. रोज.”

“मग?”

“मी म्हणायचे, काका, बोलू नका, दम लागेल.”

“का गं?”

“तुम्ही आत देवापुढे असायच्या. तुमचे उपास, तुमचं सोवळं. तुमच्या घरात बसून तसं बोलणं बरं दिसलं नसतं.”

नानांनी गुडघ्यावर थाप मारली. “ल्या, मिटी गयं. पोर शहानी शे. समाधान, तू उगाच बठ्ठी गल्ली गोळा करायला निघाला होता.”

समाधान चपला शोधू लागला. दिपमालाच्या जिवात जीव आला. तिने पर्समधून किल्ली काढली आणि मागच्या खोलीकडे वळली. कोकिळाबाई उठल्या आणि तिच्या वाटेत उभ्या राहिल्या.

“खोली रिकामी कर,” त्या म्हणाल्या.

समाधानचा पाय चपलेत अर्धाच राहिला.

“अवं कोकिळा,” नाना म्हणाले, “पन तिनी त काही सांगंच नही ना.”

“म्हणूनच,” कोकिळाबाई म्हणाल्या. “माणूस विचारत विचारत गेला, नाना. आणि हिला उत्तर ठाऊक होतं.”